चार लोकांत तोंड न उघडणारी मुलं: पहिल्यांदाच मदत शोधणाऱ्या आईबाबांसाठी

पहिल्या भेटीत मी प्रश्न मुलाला विचारते आणि उत्तर आई देते.

"कितवीत आहेस रे?"
"नववीत आहे, मॅडम."
"आवडता विषय कोणता?"
"गणित. गणित लई आवडतं त्याला."

मुलगा स्वतःच्या चपलांकडे बघत असतो. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला मी म्हणते, "ताई, आता जरा त्याला बोलू द्या." मग खोलीत शांतता पसरते. ती मुलाला सहन होते, आईला होत नाही. तिचे ओठ हलायला लागतात, मी हातानंच थांबवते. दहाएक सेकंदांनी खालच्या आवाजात उत्तर येतं, "गणित नाय आवडत."

सोलापुरात शाळकरी मुलांसोबत समुपदेशनाचं काम करताना हा प्रसंग मी इतक्यांदा पाहिलाय, की लेखाची सुरुवात दुसऱ्या कशानं करावी हे सुचत नाही. आई वाईट नसते. मुलाची घालमेल बघवत नाही म्हणून ती मधे पडते. पण तिनं एकदा सोडवलं की मुलाचं मन नोंद करतं: मला जमलं नसतंच, आई होती म्हणून निभावलं. पुढच्या वेळी भीती थोडी वाढलेली असते. या त्रासावरच्या चांगल्या उपचारांचा बराचसा भाग म्हणजे ही प्रेमाची मदत हळूहळू, मुलाला सांगून, त्याच्या संमतीनं काढून घेणं. बाकी तंत्रं त्याच्या सोबतीला. खाली जी मुलं येतील त्यांचे तपशील ओळख पटू नये इतपत बदललेत.

आधी बघा: लाजाळू आहे, की अडलंय?

लाजाळू मूल पाहुण्यांसमोर अर्धा तास पडद्यामागं राहतं, मग हळूच येऊन शेंगापोळी उचलतं. हा स्वभाव आहे, त्याला उपचार लागत नाहीत. सामाजिक चिंतेत, म्हणजे डॉक्टर ज्याला सोशल अँग्झायटी म्हणतात त्यात, चार लोक आपल्याला जोखतायत आणि आपलं हसं होणार, ही भीती मुलाच्या आयुष्यातल्या गोष्टी काढून घ्यायला लागते. तोंडी परीक्षेच्या दिवशी नेमकं पोट दुखतं. डबा एकट्यानं खाल्ला जातो. सगळ्यांसमोर उठून "सर, जाऊन येऊ का?" म्हणायला नको म्हणून काही मुलं दिवसभर लघवीला जात नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर भरभरून लिहिणारी मुलगी वाजणारा फोन मात्र बघत बसते.

हा त्रास बहुधा ८ ते १५ या वयात सुरू होतो, १३ च्या आसपास जास्त. निदान करताना डॉक्टर दोन गोष्टी आवर्जून पाहतात. एक, हे साधारण ६ महिने किंवा जास्त चाललंय का. दुसरी, भीती फक्त मोठ्यांसमोर वाटते की बरोबरीच्या मुलांतही. मुख्याध्यापकांसमोर ततपप कुणाचंही होतं.

मुलींच्या बाबतीत एक घोळ हमखास होतो. "किती शांत, किती शहाणी पोरगी" असं कौतुक होत राहतं आणि दहावी उलटून गेल्यावर कळतं, की पोरीला एकही मैत्रीण नाही.

आपल्या गावाची म्हणून एक खास गाठ आहे. इथं घरात तेलुगू, बाजारात कानडी, शाळेत मराठी आणि वर्गातल्या फळ्यावर इंग्रजी, असं चारही बाजूंनी चालतं. मराठी बोलताना लिंगाची गडबड झाली, "आई आला" असं तोंडून गेलं, की मागच्या बाकावर खसखस पिकते. अशा खसखशीतून गप्प झालेली बरीच मुलं माझ्याकडे येतात. त्यांना भाषा येते. त्यांनी ती वापरायची सोडलेली असते.

आणि हो, सगळंच गप्प बसणं म्हणजे सामाजिक चिंता नव्हे. मूल अडखळत बोलत असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ आधी. कमी ऐकू येतं का, ते तपासा. घरात एकटं असतानाही कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर नैराश्याची शंका घ्या. समोरच्याचे इशारेच कळत नसतील तर स्वमग्नतेची (ऑटिझमची) तपासणी करून घ्यावी. सामाजिक चिंतेतल्या मुलाला इशारे कळतात, गरजेपेक्षा जरा जास्तच. आणि वर्गात कुणी खरोखरच छळत असेल, तर आधी तो छळ थांबवा. मार खाणाऱ्या मुलाला "भीती मनातून काढ" सांगणं हा अन्याय आहे.

कुणाकडे जायचं

पहिलं पाऊल फुकटात आणि घरबसल्या टाकता येतं. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.

समोरासमोर दाखवायचं तर आपलं सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं सर्वोपचार रुग्णालय. तिथं मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, केस पेपर काढा. रांगेत ओळखीचं कुणी भेटेल म्हणून पालकच इतके धास्तावलेले असतात, की मला कधीकधी वाटतं आधी यांचीच शिडी लिहून घ्यावी. (शिडी म्हणजे काय, ते पुढं येईल.)

खाजगीत जाताना पाट्यांमधला फरक ओळखा. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर. औषध तेच देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर विचारला तर त्यांना राग येत नाही, येऊही नये. 'समुपदेशक' ही पाटी मात्र कमी-जास्त शिक्षणाची माणसं लावतात, म्हणून माझ्यासारखीला नक्की विचारा: शिक्षण काय, किशोरवयीन मुलांसोबत किती काम केलंय, सीबीटी येते का, आणि मुलाला प्रत्यक्ष बाहेर नेऊन सराव करून घेता का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही, आम्ही फक्त बोलतो" असं आलं, तर पुढं शोधा.

सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती. या त्रासासाठी मुलांमध्ये पहिली निवड तिचीच असते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी ४५ मिनिटांच्या ८ ते १२ बैठका सांगितल्यात. गटात केली तर दीड-दीड तासाच्या. म्हणजे साधारण शाळेचं एक सत्र, जूनमध्ये सुरुवात धरली तर दिवाळीच्या आसपास. "एका बैठकीत बदल, गॅरंटी" अशी जाहिरात दिसली तर रस्ता ओलांडा.

एक गोष्ट मुलासमोरच ठरवून घ्या: खोलीत बोललेलं बाहेर जाणार नाही. अपवाद दोनच, जिवाला धोका असेल तर किंवा कुणी अत्याचार करत असेल तर. आईबाबा दारातच "काय म्हणाला?" विचारणार असतील, तर मूल बोलणार नाही.

'कसंतरी'ची फोड करा

"काय होतं तुला?" असं विचारलं की दहातल्या आठ मुलांचं उत्तर एकच: "कसंतरी होतं." उरलेली दोन "टेन्शन येतं" म्हणतात. भावना हाताळायच्या तर आधी या कसंतरीच्या पोटात काय काय आहे ते वेगळं काढावं लागतं. भीती आहे? लाज आहे? ओशाळल्यासारखं वाटतं? अपमान? बिनधास्त बोलणाऱ्या मैत्रिणीचा हेवा? आपली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. लाजणं, संकोचणं, बुजणं, वरमणं, खजील होणं या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. नाव सापडलं की भावनेची धार थोडी उतरते, हे मी रोज बघते.

दोनशे पानी वही घ्या. रोज एक प्रसंग, चार ओळी: काय घडलं, अंगात कुठं जाणवलं, भावनेचं नाव काय, आणि ० ते १०० मध्ये किती. हा आकडा मांडायची पद्धत जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाची. मुलांना ती आवडते, कारण 'लई भीती वाटली' यापेक्षा '६५' हे सांगायला सोपं जातं. वही पालकांनी वाचायची नाही. कपाटात लपवलेली सापडली तरी नाही.

इथं मुलांच्या रागाबद्दल सांगायलाच हवं. शाळेत मुंगीसारखा असणारा मुलगा घरी दप्तर भिरकावतो, बहिणीवर ओरडतो, आणि पालक म्हणतात, "घरात वाघ, बाहेर शेळी." तो दिवसभर चेहरा सपाट ठेवून आलेला असतो. जेम्स ग्रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९९८ मध्ये प्रयोगातून दाखवलं, की भावना चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्यांचा चेहरा शांत दिसतो, पण आतली भावना कमी होत नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढतो. म्हणून शाळेतून आल्या आल्या "आज काय झालं?" विचारू नका. अर्धा तास, चहा-भाकरी, मग हवं तर.

धडधड फारच वाढली तर दोन साधे उपाय. श्वास घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहा-सातपर्यंत. सोडणं लांब, एवढंच लक्षात ठेवा. किंवा माठातल्या गार पाण्याचे सपकारे तोंडावर, डोळे-गालांवर; गार पाण्यानं हृदयाचे ठोके मंदावतात. पण हे वर्गाबाहेर, आधी किंवा नंतर करा. प्रत्येक वाक्याआधी श्वास मोजायला लागलं की तीही एक कुबडीच होते. कुबड्यांकडे येतेच.

"समजा हसले. मग?"

पालकांची आवडती चूक म्हणजे खोटा धीर. "कुणी हसणार नाही, तू छानच बोलशील." मुलाला माहीत असतं की हसू शकतात. कारण मुलं हसतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे रुजली, त्यामुळे तिचे मराठी शब्द आपल्याकडे तयार आहेत. तिचा गाभा असा: इच्छा ठेवा, हट्ट सोडा. "माझं चुकू नये असं मला वाटतं" ही इच्छा. "माझं चुकताच कामा नये, चुकलं तर मी कवडीमोलाचा" हा हट्ट. भीती हट्टातून येते. म्हणून मी मुलांना "कुणी हसणार नाही" असं कधीच सांगत नाही. विचारते, "समजा हसले. मग?" "मग वाईट वाटेल." "किती वेळ?" "तासभर." "मग?" "मग... मधली सुट्टी होईल." तिथपर्यंत पोचलं की मूल स्वतःच जरा हसतं.

स्वतः एलिस तरुणपणी महाबुजरे होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रीशी मिनिटाभरात बोलायला सुरुवात करायची. ते स्वतः सांगत, की त्यांनी १३० जणींना गाठलं. ३० लगेच उठून गेल्या, १०० जणींशी गप्पा झाल्या. एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. हिशोबानं सपशेल अपयश. पण आभाळ कोसळलं नाही, आणि भीती गेली. (आजच्या काळात अनोळखी बायकांशी असं बोलायला जाऊ नये, हे मुलांना सांगावं लागतं. सांगते.)

दुसरा हत्यारासारखा उपयोगी पडणारा पुरावा. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच यांनी २००० साली छापलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्यांनी आपला शर्ट पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आला. "मॅडम, सगळे माझ्याकडंच बघायलेत" म्हणणाऱ्या मुलाला मी हे सांगते आणि मग विचारते, काल तुझ्या शेजारच्यानं कुठल्या रंगाचे मोजे घातले होते?

कुबड्या शोधा

हा भाग सावकाश वाचा, कारण इथंच बहुतेकांची गाडी अडते. मूल शाळेत जातं, लग्नाला येतं, क्लासला बसतं, तरी भीती का जात नाही? कारण ते तिथं कुबड्या घेऊन जातं. १९९५ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी या त्रासाचं जे चित्र मांडलं, त्यात हा मुद्दा मध्यभागी आहे.

कुबड्या कशा असतात? लग्नात मोबाइलमध्ये डोकं घालणं. मैत्रिणीला पुढं करणं. वाक्य ओठांत पाच वेळा घोळवून मगच बोलणं, तोवर विषय निघून गेलेला असतो. इतकं हळू पुटपुटणं, की समोरचा "काय?" म्हणून पुढं झुकतो आणि सगळ्यांचं लक्ष खरंच तिकडं जातं. माझ्याकडे एक अकरावीतला मुलगा यायचा, घाम दिसू नये म्हणून मेमध्ये जॅकेट घालून. सोलापूरचा मे! जॅकेटमुळे घाम दुप्पट, आणि "का बे, ताप आलाय का?" म्हणून चौकात चार जण विचारणार. ज्याची भीती, तेच कुबडी ओढून आणते.

आणि सगळ्यात मोठी, न दिसणारी कुबडी म्हणजे स्वतःवर पहारा. आवाज कापतोय का, कान लाल झालेत का, हात कुठं ठेवलेत. असा पहारा ठेवताना समोरचा काय म्हणाला हे कळतच नाही.

यावर एक छोटा प्रयोग घरीही होतो. मामेबहीण, आतेभाऊ असं कुणीतरी घ्या आणि मोबाइल समोर उभा करा. पहिली पाच मिनिटं गप्पा नेहमीच्या पद्धतीनं: कुबड्यांसह, स्वतःवर पहारा ठेवून. दुसरी पाच मिनिटं पहारा उठवून: समोरच्याच्या बोलण्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या, तोंडात आलं की बोलायचं. दोन्हींनंतर मुलानं लिहायचं, मी कसा दिसलो असेन. मग व्हिडिओ बघायचा, स्वतःला अनोळखी माणूस समजून. जॅकेटवाल्यानं लिहिलं होतं, "आवाज शेळीसारखा थरथरला असणार." व्हिडिओ तीन वेळा मागं-पुढं करून त्यानं शेळी शोधली. सापडली नाही. पहिल्या पाच मिनिटांत तो बहिणीकडे एकदाही न बघता बसलेला मात्र दिसला. "मी तर शिष्ट दिसतोय," म्हणाला.

शिडी

आता प्रत्यक्ष मैदान. याला एक्स्पोजर म्हणतात: भीती वाटणाऱ्या गोष्टी लहानापासून मोठ्यापर्यंत मांडून, एकेक करत चढायच्या. नववीतल्या एका मुलीनं वहीत लिहिलेली तिची शिडी अशी होती:

शेजारच्या काकूंना "जेवण झालं का?" विचारणं – २०
ओळखीच्या किराणा दुकानात स्वतः सामान मागणं – ३०
रिक्षा थांबवून भाडं विचारणं, न बसता सोडणं – ४५
नवी पेठेत चादरीचा भाव विचारून न घेता निघणं – ६०
वर्गात शंका विचारणं – ७०
परिपाठात बातम्या वाचणं – ८५
वर्गातल्या मुलींसोबत गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) जाणं – ९०

आकडे तिचे, क्रम तिचा. माझ्या मते गड्डा परिपाठापेक्षा सोपा; पण शिडी माझी नव्हती.

नवी पेठेची पायरी आम्ही बुधवारी दुपारी केली. जाण्याआधी तिनं वहीत अंदाज लिहिला: 'दुकानदार ओरडेल. मला रडू येईल.' मी समोरच्या बाजूला उभी, दुकानात नाही. तिनं ठरल्याप्रमाणे "ह्या चादरीचा भाव काय?" विचारलं. दुकानदारानं उलट विचारलं, "सिंगल का डबल?" हे आमच्या तयारीत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी रसवंतीच्या पाटीकडे. "डबल," ती म्हणाली. मग सोलापूरचा दुकानदार तो, एकीमागून एक सात चादरी घडी मोडून तिच्यासमोर पसरल्या. मोर, गुलाब, चौकडा. सातव्या चादरीला ती म्हणाली, "नको." तो चादरींकडे बघत म्हणाला, "आईला घेऊन ये." संपलं.

बाहेर येऊन तिनं लिहिलं: जाताना ६०, 'सिंगल का डबल'ला ८०, निघताना ३५. ओरडला नाही. रडू आलं नाही. आणि खाली, स्वतःहून: 'त्याला सात घड्या घालाव्या लागल्या, त्याचं वाईट वाटलं.' भीतीच्या जागी साधी माणुसकी आली, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

या कामाचे नियम थोडेच आहेत, पण कडक आहेत. पायरी मूल निवडेल. जाण्याआधी अंदाज लिहायचा, आल्यावर काय घडलं ते लिहायचं. अंदाज आणि घटना यांतली तफावत हेच औषध. भीती शून्यावर यायची वाट बघू नका. ४० वर असताना वरची पायरी धरता येते. एकच पायरी निदान तीन-चार वेगळ्या ठिकाणी करा, नाहीतर मन म्हणतं, तो दुकानदार चांगला होता म्हणून. आठवड्यातून एकदा मोठं काही करण्यापेक्षा रोजचं बारकं बरं. कुबड्या घरी ठेवा. मुलींसाठी जागा दिवसाउजेडी, वर्दळीची आणि माहितीची.

पायरी मूलच निवडेल, हे मी ठेच खाऊन शिकले. काम सुरू केलं त्या वर्षी एका शाळेत आठवीतल्या मुलाला मी, त्याला न विचारता, परिपाठात सुविचार वाचायला उभं केलं. एकदा बोलला की भीड चेपेल, अशी माझी खात्री. कागद हातात धरून तो उभा राहिला. सहाशे मुलं, सकाळचं ऊन. अर्ध्या मिनिटानं मागून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तो पुढं नऊ दिवस शाळेत आला नाही, आणि माझ्याकडे पुन्हा कधीच नाही. पोहायला शिकवताना ढकलून देणं आणि पोराचा हात धरून पायऱ्या उतरणं यातला फरक मला पुस्तकातून माहीत होता. तरीही.

शिडी अर्धी झाली की मुलांना आवडणारा एक खेळ येतो: मुद्दाम चुकायचं. एलिस याला लाजेवर हल्ला म्हणत. सात रस्त्यावर उभं राहून एखाद्या आजोबांना विचारायचं, "काका, सात रस्ता कुठं आहे हो?" ठरलेलं उत्तर येतं: "अगं, इथंच उभी आहेस की!" वेडं दिसण्याची जी भीती वर्षानुवर्षं बाळगली, ती स्वतः विकत घेऊन बघितली की तिची किंमत कळते. बहुतेक जण हसत परत येतात.

काही मुलांना मात्र भीतीसोबत कौशल्यही कमी असतं, कारण बोलण्याचा सरावच झालेला नसतो. चालू गप्पांत शिरायचं कसं, विषय संपल्यावर काय म्हणायचं, नकार कसा द्यायचा. हे नाटकासारखं खोलीत घोटून घेता येतं. दोन-तीन बैठका पुरतात.

रात्रीचं रवंथ

प्रसंग पार पडतो, आणि रात्री अंथरुणावर पुन्हा सुरू होतो. "मी असं का बोललो, ती तेव्हा तशी का बघितली." गुरांसारखं रवंथ. प्रत्येक फेरीत आठवण थोडी जास्त वाईट होते. यावर वाद घालत बसू नका. वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: कॅमेऱ्यात आलं असतं ते काय, आणि माझ्या मनानं जोडलं ते काय. दहा मिनिटं, दिवे लावून, टेबलाशी बसून. मग वही बंद. मेसेजवरच्या निळ्या खुणा बघत जागणं हे याच रवंथाचं नवं रूप आहे. झोपताना मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला, आईबाबांचाही.

घरानं काय करायचं

येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ पालकांसोबत जे काम करतात, त्यात मुलाला काही करायला न लावता आईबाबांनी स्वतःचं वागणं बदलायचं असतं. मला ते आपल्या घरांसाठी फार जवळचं वाटतं. आधी यादी करा: आम्ही त्याच्यासाठी काय काय करतो? त्याच्या सरांना फोन आम्ही करतो, हॉटेलात ऑर्डर आम्ही देतो, पाहुणे येणार म्हटलं की त्याला आधीच वरच्या खोलीत पाठवतो. यातली एक, फक्त एक गोष्ट निवडा. मुलाला शांत वेळी सांगा: "पुढच्या रविवारपासून तुझा डोसा तूच मागायचास. तुला अवघड जातं हे आम्हाला दिसतं, आणि तुला जमेल असंही वाटतं." या वाक्याचे दोन्ही अर्धे लागतात. पहिलाच म्हटला तर कीव होते, दुसराच म्हटला तर टोमणा.

रविवारी डोसा न मागता तो उपाशी बसला तर? बसू द्या. घरी आल्यावर भाकरी आहेच. तिथं वेटरला "अहो, याला एक साधा" म्हणालात की महिनाभराचं काम पाण्यात.

नातेवाइकांचं "किती घुमा आहे हो तुमचा" याला उत्तर तयार ठेवा, मुलादेखत: "त्याच्या वेळेनं बोलतो तो." बाबांनी "मुलीसारखं लाजायलास काय" हे वाक्य कायमचं सोडावं. आजी दृष्ट काढत असेल तर काढू द्या. मीठ-मोहरीनं नुकसान होत नाही आणि तेवढा वेळ नातवाजवळ कुणीतरी बसतं.

औषधांबद्दल थोडं

या वयात औषध ही पहिली पायरी नाही. नाइसच्या त्याच सूचना तसंच सांगतात. पण मूल शाळेतच जात नसेल, सोबत नैराश्य असेल किंवा सरावाला उभंच राहता येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ काही काळ गोळी सुचवू शकतात. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला मुलाच्या मूडवर नीट लक्ष ठेवावं लागतं आणि मनानं एकदम बंद करायची नसते. मेडिकलवाल्याला विचारून आणलेली 'शांत वाटायची' गोळी मात्र अजिबात नको. वक्तृत्व स्पर्धेआधी धडधड थांबवायला म्हणून काही जण घेतात ती गोळी दम्याच्या मुलाला थेट धोक्याची ठरू शकते.

मुलानं मरणाची भाषा काढली, अंगावर जखमा दिसल्या, तर शिडी वगैरे सगळं बाजूला. त्याच दिवशी सिव्हिल, नाहीतर लगेच १४४१६. मुलाला एकटं सोडू नका.

गाडी पुन्हा अडली तर

अडतेच. दहावीनंतर कॉलेज बदललं, आवाज फुटला, तोंडावर पुटकुळ्या आल्या, मोठी सुट्टी गेली, की भीती परत दारात. नव्यानं बैठका घ्यायची घाई करू नका. जुनी वही काढा, दोन पायऱ्या खाली उतरा आणि तिथून चढा. बहुतेक मुलं दोन-तीन आठवड्यांत पूर्वीच्या जागी येतात. सुट्टीत सराव सोडू नये म्हणून दूध, दळण, लायब्ररी ही तीन कामं मुलाच्या नावावर लावून टाका.

चादरीवाल्या मुलीच्या बैठका डिसेंबरात संपल्या. जानेवारीत, संक्रांतीनंतर, तिनं वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. वर लिहिलं होतं, 'गड्डा, होम मैदान, आम्ही सहा जणी.' खाली: 'अंदाज ९०. गर्दीत शिरल्यावर ५०. भेळ खाताना २०. पाळण्यात बसल्यावर १००, पण ते माणसांचं नाही, ते उंचीचं.'